दीडचा स्पाइक, अडीचचा रिपोर्ट

डाव्या हातात ईशाचा रिपोर्ट होता आणि उजव्या हातात बेचाळीस नंबरचा जबडा. रिपोर्ट म्हणत होता, हे हरीण अडीच वर्षांचं. जबडा म्हणत होता, दीड. दोघांपैकी एक चुकत होता, आणि मेलेलं हरीण सहसा चुकत नाही.

मंगळवारची सकाळ होती ती. गुरुवारी क्लबची मीटिंग, शनिवारी बंदुकीचा सीझन सुरू. मी शेडमध्ये जबड्यांच्या तारा झाडायला गेले होते, दर ऑक्टोबरात जाते तशी. चहाबरोबर वाचायला म्हणून रिपोर्ट सोबत नेला होता. चहा राहिला तसाच.

आधी शेडचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई सकाळी सकाळी जबडे घेऊन काय बसली आहे.

मी जॉर्जियात राहते. अटलांटापासून खाली दोन तासांवर लहानसं गाव आहे. इथे जमिनीत पांढरी माती निघते, कागदाला चकाकी आणायला वापरतात ती. आमचे हे त्या मातीच्या कारखान्यात केमिस्ट होते. गावात मराठी घर आमचं एकच. मुलगा शाळेत जायला लागला आणि मला घर खायला उठलं, तेव्हा मी गावाबाहेरच्या हंटिंग क्लबात फोन घ्यायच्या कामाला लागले. मालकाचं नाव वेड. मराठीत वेड म्हणजे काय ते मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. म्हणाले, "माझी बायको हेच म्हणायची, फक्त इंग्लिशमध्ये."

इकडे दक्षिणेत बाईला मान द्यायचा तर मिस लावून पहिलं नाव घेतात. मी मिस शालू. ते मिस्टर वेड. एकवीस वर्षं झाली, त्यात फरक नाही.

फोनवरून मी शेडमध्ये कशी गेले, तर सीझनमध्ये माणूस कमी पडला. शिकार झालेलं हरीण शेडमध्ये आणतात. वजन करतात, शिंगाची टोकं मोजतात आणि खालचा जबडा काढून वय बघतात. वय बघणारे म्हातारे गृहस्थ त्या वर्षी आजारी होते. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि सहज म्हटलं, "हे लहान आहे हो, याची दुधाची दाढ अजून पडली नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

यात माझी हुशारी काही नाही. माझे मामा बैलांच्या बाजारात मध्यस्थ होते. सुट्टीत मी त्यांच्या मागे मागे हिंडायची. बैलाचा खालचा ओठ ओढायचा, दोनदाती, चारदाती, सहादाती सांगायचं. हरणाचं तंत्र वेगळं आहे, पण दात हे दातच. बाकीचं मी जबडे उकळून, धुऊन, शेजारी शेजारी मांडून शिकले. कॉलेज काही केलं नाही. मी शाकाहारी आहे, बंदूक आयुष्यात हातात धरली नाही. पण हरणाच्या दाताला माझ्याइतकं जवळून या काउंटीत कुणी बघितलं नसेल.

हरणाच्या खालच्या जबड्यात एका बाजूला सहा दाढा असतात. पुढून तिसरी बघायची. तिला तीन उंचवटे असले तर ती दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षांचं. दोन उंचवट्यांची, पांढरी, नवी दाढ असली तर ते अडीचचं, किंवा त्याहून मोठं. त्यापुढे झीज बघून अंदाज करायचा, आणि तिथे भले भले चुकतात. पण दीड आणि अडीचमध्ये चुकायला जागाच नाही. अंगठा फिरवला तरी कळतं.

वय असं अर्ध्यात का, तेही सांगते. पाडसं उन्हाळ्यात जन्मतात आणि शिकार हिवाळ्याच्या तोंडावर होते. त्यामुळे शेडमध्ये येणारं प्रत्येक हरीण दीड, अडीच, साडेतीन, साडेचार असंच असतं. पूर्ण आकड्याचं हरीण मी पाहिलेलं नाही.

तर बेचाळीस नंबर. तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे. मी चष्मा पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते, म्हटलं डोळा दगा देतोय. अंगठा फिरवला. तीनच. मग तारेवरचा त्रेचाळीस बघितला, मग एकोणपन्नास. रिपोर्टात अडीच, जबड्यात दीड. उलटं काही आहे का म्हणून सत्तावन्न काढला. आठ टोकांचा नर, रिपोर्टात दीड वर्षांचा. दाढ नवीकोरी, दोन उंचवटे. अडीच.

एखाददुसरा चुकला असता तर टायपिंग म्हटलं असतं. इथे सगळं शिस्तीत उलटं झालं होतं.

मी माझी त्या सीझनची वही काढली. बेचाळीससमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दी.

आणि घोळ कुठे झाला असणार, ते माझ्या लक्षात आलं.

त्याचं असं की, मी वय मराठीत लिहायची. कारण होतं. शिकार आणणारा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून वहीत बघायचा. मी दीड लिहिलं की भांडण. "दीड? हा घोडा दीड वर्षांचा?" टकर नावाचा मेंबर आहे आमच्याकडे, ट्रॅक्टरचं दुकान आहे त्याचं. त्याने एकदा एका जबड्यावरून माझ्याशी तासभर हुज्जत घातली होती. मागे आणखी तीन हरणं रांगेत. त्या दिवसापासून मी मराठीत लिहायला लागले. दीडला दी, अडीचला अ, पुढे सा३, सा४. रांग संपली की मिस्टर वेडना वाचून दाखवायची आणि ते क्लबच्या फॉर्मवर इंग्लिशमध्ये भरायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका वादळात ऑफिसचं छत गळलं, फॉर्मांचं कपाट भिजलं आणि उरल्या फक्त माझ्या वह्या.

त्या वह्या ईशाने कंप्युटरवर चढवल्या होत्या.

ईशा आमची बायॉलॉजिस्ट. अटलांटाजवळच्या अल्फारेटात जन्मली, तिथेच वाढली. आईवडील दोघं सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना वाटत होतं मुलगी डॉक्टर होईल, निदान जनावरांची तरी. ती जंगलात शिरली. क्लबने तिला एका वर्षाच्या काँट्रॅक्टवर घेतलं होतं, आणि काम एकच दिलं होतं: जुने सगळे आकडे बघून सांग, आमचा कलचा रूल चालतो की नाही. रिपोर्ट पटला तर पुढे नोकरी पक्की. नाही तर पोरीला परत आईबाबांच्या बेसमेंटमध्ये जायचं होतं. ते ती मला रोज सांगायची. आधी मिस शालू म्हणायची. मी पोळीभाजीचा डबा उघडला त्या दिवशी मावशी झाले.

कलचा रूल म्हणजे काय? कल करणं म्हणजे कळपातली नको असलेली जनावरं वेचून मारणं. नर हरणाची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि दर उन्हाळ्यात नवी येतात. काही नरांना फाटेच फुटत नाहीत, डोक्यावर नुसते दोन खिळे. त्याला म्हणायचं स्पाइक. मिस्टर वेडच्या वडिलांनी शेडच्या दारावर स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं: स्पाइक तो जन्मभर स्पाइक. त्याचं रक्त कळपात ठेवू नका. म्हणून इथे प्रत्येक मेंबरने एक मोठा नर मारायचा आणि एक स्पाइक. स्पाइक संपले की पुढची पिढी मोठ्या शिंगांची, असा हिशेब.

आणि ईशाच्या रिपोर्टाने तो हिशेब बरोबर ठरवला होता. तिच्या आकड्यांत दीड वर्षांचे नर सहा-आठ टोकांचे दिसत होते आणि अडीच वर्षांचे होऊनही स्पाइक राहिलेले ढिगाने. म्हणजे ते रक्तातच खराब. वेचा आणि मारा. मिस्टर वेड इतके खूश झाले की त्यांनी तो रिपोर्ट सगळ्या मेंबरांना पाठवला आणि खाली लिहिलं, यंदा प्रत्येकी दोन स्पाइक.

मी ईशाला फोन केला. "शेडमध्ये ये ग. आणि खाऊन ये."

ती आली. मी वही तिच्यापुढे धरली. "हे काय लिहिलंय सांग."

"दी."

"म्हणजे किती?"

"टू अँड अ हाफ." मग माझं तोंड बघून, "नाही? दी... दोन... दी म्हणजे दोन ना मावशी?"

"आणि अ?"

"अ इज द फर्स्ट लेटर. सो वन अँड अ हाफ. मी चार्ट केला होता."

मी बेचाळीस नंबर पुढे केला. तिने जबडा माझ्या हातातून घेतला. तिला दात बघता येतात, शिकलेली आहे ती. अंगठा फिरवला. मग पुढचा घेतला. मग पुढचा.

"दीड," मी म्हटलं. "दीड म्हणजे एक आणि अर्धा. अडीच म्हणजे दोन आणि अर्धा."

"ओह नो. ओह नो, ओह नो." ती खालीच बसली, सिमेंटवर. "आई म्हणायची दीड वाजता ये, आणि मी नेहमी लेट जायची. नेहमी. ती चिडायची आणि शेवटी तिने वन-थर्टी म्हणायला सुरुवात केली."

आता सांगा, यात तिची काय चूक? पोरांना दीड-अडीच कधी नीट शिकवलं आपण? माझ्या मुलालाही येत नाही. एक, दोन, तीन शिकवतो, गणपतीची आरती शिकवतो, आणि अर्ध्याला पोचलो की आपणच इंग्लिशमध्ये घुसतो.

"अग पण विचारायचं नाहीस का मला?"

"विचारलं होतं! तू इंडियात होतीस. व्हॉट्सअॅप कॉलवर. मी म्हटलं, मावशी, दी टू अँड अ हाफ, अ वन अँड अ हाफ, सा साडे, राइट? तू म्हणालीस, हो ग हो, सगळं बरोबर."

आठवलं. भाच्याचं लग्न, वरात दारात, बँड वाजतोय. मला फक्त साडे ऐकू आलं होतं.

"मग माझीच चूक," मी म्हटलं. "मी सांगते मिस्टर वेडना. मराठीत मी लिहिलं, फोनवर हो मी म्हटलं. माझी काही नोकरी जात नाही, मला कोण काढतंय."

"नाही."

"का नाही?"

"कारण इट वॉज वियर्ड आणि मला ते दिसलं होतं." ती जबड्याकडे बघत होती. "वजनं पण कमी होती मावशी. मी विचार केला, खराब जीन्स, सो लहान बॉडी, लहान शिंगं. इट फिट. मिस्टर वेडना हवं होतं ते आलं, आणि मला जॉब हवा होता. मी परत चेक केलं नाही. हे जबडे इथेच होते. चाळीस पावलांवर."

मी डबा उघडला. डब्यातली पोळी तिला दिली. खाल्ली तिने, रडत रडत, पण खाल्ली.

मग आम्ही कामाला लागलो. मंगळवार दुपार आणि बुधवार पूर्ण. मी तारेवरचा जबडा हातात घ्यायची, वय मोठ्याने सांगायची, ती वहीशी ताडून टाइप करायची. वही आणि जबडे जुळले, माझी अब्रू राहिली. आणि दीड-अडीच जागच्या जागी गेल्यावर चित्र असं निघालं की स्पाइक जवळजवळ सगळेच दीड वर्षांचे होते. म्हणजे पोरं. पहिलंच शिंग फुटलेलं.

"मग आता रिपोर्ट काय म्हणतो?" मी विचारलं.

"आता तो म्हणतो की आय डोंट नो," ईशा म्हणाली. "आपण सगळ्यांना दीडला मारलं. अडीचला ते काय झाले असते, कुणाला माहीत?"

पण तिचं डोकं थांबत नाही. ती माझ्या वह्यांची पानं उलटत होती. मला सवय आहे, समासात काहीबाही लिहायची. यंदा ओकला फळच नाही. पाऊस ऑगस्टपर्यंत दडी मारून बसला. यंदा ओकची फळं पायाखाली करकर वाजतात. असलं. ओकची फळं म्हणजे हरणांचं हिवाळ्याचं मुख्य खाणं, आणि ती दर वर्षी सारखी येत नाहीत.

"मावशी, हे प्रत्येक वर्षी लिहिलंयस?"

"बहुतेक. का?"

संध्याकाळपर्यंत तिने समासातल्या सगळ्या ओळी माझ्याकडून वाचून घेतल्या. या वेळी प्रत्येक शब्दाचा अर्थ दोनदा विचारला.

गुरुवारी क्लबच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं जमली होती, टोप्या, बूट, कॉफी. ईशा उभी राहिली. मी दारापाशी दोन बादल्या घेऊन बसले होते, एकीत दीडचे जबडे, दुसरीत अडीचचे.

"तुम्हाला मिळालेला रिपोर्ट चुकीचा आहे," ती म्हणाली. "वयं उलटी पडली. मी मराठी शब्द चुकीचे वाचले आणि तपासले नाहीत. प्लीज तो फेकून द्या."

मग टकर. "थांब. म्हणजे आम्ही इतकी वर्षं सीक्रेट कोडवर हरणं मारतोय?"

"सीक्रेट तुझ्यामुळेच झालं ते," मी दारातून म्हटलं. "तू भांडायचास म्हणून."

थोडं हसू झालं. पण मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "या मुलीला आपण आकड्यांसाठी ठेवलंय ना? आणि तिला आकडेच वाचता येत नाहीत?" त्यावर कुणी हसलं नाही. ईशाचे कान लाल झाले. मी मिस्टर वेडकडे बघितलं. ते पुढच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

मी बादल्या फिरवल्या. प्रत्येकाने एक दीडचा घ्या, एक अडीचचा घ्या, तिसऱ्या दाढेवर अंगठा फिरवा. मोठे मोठे बाप्ये, डोळे मिटून दाढा चाचपत बसले. दोन मिनिटांत सगळ्यांना वय सांगता यायला लागलं. टकर म्हणाला, "हे इतकं सोपं होतं?" मी म्हटलं, "हेच तर मी तेव्हा तासभर सांगत होते."

मग टकरनेच मुद्द्याचं विचारलं. तोंडाळ आहे पण मूर्ख नाही. "ठीक आहे, स्पाइक सगळे दीडचे. कारण अडीच व्हायच्या आत आम्ही त्यांना साफ करतो. म्हणजे रूल चालतोयच की."

"तसं असेलही," ईशा म्हणाली. "ज्यांना मारलं त्यांचं पुढे काय झालं असतं, ते आता कळणार नाही. पुरावा तुम्ही खाल्लात." या वेळी हसले. "पण एक तपासता येतं. स्पाइक मारल्याने कळपाचं रक्त सुधारत असेल, तर वर्षागणिक नव्या पोरांमध्ये स्पाइक कमी कमी व्हायला पाहिजेत. वह्या आहेत तितकी सगळी वर्षं तुम्ही मारताय. कमी झालेत का बघू."

तिने भिंतीवर चित्र लावलं. रेघ खाली उतरत नव्हती. वर, खाली, वर, खाली. मग तिने त्या रेघेवर माझ्या समासातल्या नोंदी टाकल्या, इंग्लिशमध्ये करून. ओकला फळ नाही, त्याच्या पुढच्या सीझनला स्पाइक वाढलेले. फळ उदंड, पुढच्या वर्षी स्पाइक कमी. उन्हाळा कोरडा, स्पाइक जास्त.

"हे पक्कं प्रूफ नाही," ती म्हणाली. "फक्त शेडमध्ये आलेली हरणं आहेत ही. पण मला यात रक्त दिसत नाही. भूक दिसते. उशिरा जन्मलेलं पाडस, आईला दूध कमी, पहिलं शिंग आखूड. पुढच्या वर्षी पोटभर मिळालं की तेच भरून काढतं."

आता मिस्टर वेड बोलले. हळू बोलतात ते. "माझ्या वडिलांनी गाईंचा कळप असाच सुधारला. खराब बैल काढायचा, चांगला ठेवायचा. गाईत चालतं ते हरणात का नाही?"

ईशा जीन्सचं काहीतरी सांगायला लागली. मी मध्येच बोलले, राहवेना. "मिस्टर वेड, माझ्या मामांच्या गावातही तसंच. अख्ख्या गावाला एकच वळू, निवडून ठेवलेला. पण तुमच्या वडिलांच्या गाई कुंपणात होत्या. कुठली गाय, कुठला बैल, कुठलं वासरू, त्यांना ठाऊक होतं. हरणांची लग्नं कोण लावतंय? मोठ्या शिंगांचा एकटाच सगळ्या पाडसांचा बाप नसतो, लहानसहान नरही आपापलं उरकून घेतात. आणि मादीला शिंगच नाही. निम्मं रक्त तिचं. ते चांगलं की वाईट, बघून सांगा बरं कुणी."

"आणि नर दीडचा झाला की आईचा इलाका सोडतो," ईशा म्हणाली. "तुम्ही सुधारलेला जातो शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याचा येतो तुमच्याकडे. कुंपणातल्या कळपात निवड चालते. रानात तुम्ही निवडताय असं तुम्हाला फक्त वाटतं."

मिस्टर वेडच्या हातात दीडचा जबडा होता. ते त्या दाढेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "वडिलांबरोबर मी पहिला मारला तो स्पाइकच. नऊ वर्षांचा होतो. ते म्हणाले, आज तू कळपाचं भलं केलंस." त्यांनी जबडा खाली ठेवला. "फार बरं वाटलं होतं तेव्हा."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्यावरून ते बरोबर होते. त्यांच्याकडे वह्या नव्हत्या." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. इकडचे पुरुष असं सहसा करत नाहीत.

मग त्यांनी टोपी घातली आणि निर्णय दिला. यंदापासून तीन सीझन स्पाइक मारायचे नाहीत. परवाना काढून जाळ्यात सापडतील त्या स्पाइकच्या कानाला टॅग लावून सोडायचं. नरांऐवजी माद्या थोड्या जास्त घ्यायच्या, कायद्यात बसेल तेवढ्याच, म्हणजे उरलेल्यांना खायला पुरेल. टकर कुरकुरला. मागच्या रांगेतल्या माणसाने ईशाचं काय, ते विचारलं.

"तिचं एक वर्ष वाढवतोय," मिस्टर वेड म्हणाले. "जास्त नाही. टॅग लावले तर मोजायला कुणीतरी हवं. आणि मिस ईशा, यापुढे वय दोनदा लिहायचं. आकड्यात आणि शब्दात, चेकवर लिहितात तसं."

"येस सर."

"आणि मिस शालू, तो शब्द काय तुमचा?"

"दीड."

"डीड," ते म्हणाले. मग अख्खा हॉल डीड, डीड करायला लागला. द कुणाला जमेना. ईशाला जमला. तिने मला बाहेर गाडीपाशी पुन्हा म्हणून दाखवला, आणि अडीचही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण रानातल्या गोष्टी कथेसारख्या संपत नाहीत.

टॅग लावलेल्यांतले बरेच दिसेनासे झाले. एकाला दोन गावं पलीकडच्या शेतकऱ्याने मारलं आणि कानातला नंबर सांगायला फोन केला, तेव्हा कळलं पोरगं किती लांब गेलं होतं. एक हायवेवर ट्रकखाली आला. जे राहिले ते साडेतीनपर्यंत पोचले आणि बहुतेकांना आठ टोकं आली. इतरांसारखीच, ना फार मोठी ना लहान. दोघं जरा मागेच राहिले. एकाला मात्र अशी शिंगं आली की तो झाडीतून बाहेर आला की रानवाटेवर लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्याचा फोटो मेंबर एकमेकांना पाठवत बसायचे. कानात पिवळा टॅग. जुन्या रूलने तो दीडलाच भाजीत गेला असता. तसा स्पाइक मोठा झाल्यावर हटकून मोठीच शिंगं काढतो, असंही मी म्हणणार नाही. पण तो जन्मभर स्पाइक राहत नाही, इतकं आमच्यापुरतं कळलं.

ज्या वर्षी ओकला फळ आलं नाही, त्याच्या पुढच्या सीझनला कॅमेऱ्यांत स्पाइक पुन्हा वाढलेले दिसले. कुणीही न मारता, कुणीही न बिघडवता. मिस्टर वेडनी त्यानंतर शेडचं दार रंगवलं. वडिलांच्या अक्षरांवर ब्रश ते स्वतः फिरवत होते. रंग पातळ आहे म्हणाले, एक हात अजून द्यायला हवा. दिला नाही. जवळ गेलं तर अक्षरं अजून दिसतात.

ईशाच्या एका वर्षाची दोन झाली, मग ती पक्की झाली. क्लब आता तिला शेजारच्या दोन जमिनींवरही पाठवतो, तिथेही स्पाइकवरून वाद आहेतच. ती जाते, एक बादली घेऊन जाते, आणि लोकांच्या हातात आधी जबडे देते. जीन्सचं बोलणं नंतर. मला विचाराल तर या सगळ्या कामातून मी एकच गोष्ट शिकले. ज्याचं वय नीट ठाऊक नाही, त्याच्या रक्ताबद्दल मत देऊ नये.